कासारवेळच्या पुढचं बेट

३ मार्च

आज धावपट्टी टाकली. कासारवेळची. नांदुऱ्यात आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून कोकणातल्या एका विमानतळाची धावपट्टी मी जमिनीला चिकटवली, आणि समुद्राकडचं टोक पाण्यावर लोंबकळत राहिलं. उपग्रहाच्या फोटोत नेमकी तिथेच सावली आहे. बांध कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते काही केल्या कळत नाही. उद्या बघू.

हे काम काय असतं ते इथे कोणाला समजावता आलेलं नाही. घरी बसून संगणकावर विमान चालवायचं, त्याला सिम्युलेटर म्हणतात. चालवणारी माणसं मोठी, बरीचशी परदेशातली आणि महाचिकित्सक. त्यात जगातले सगळे विमानतळ असतात, पण लहान विमानतळ नुसते नावाला, एक पट्टी आणि एक खोका. मग आमच्यासारखे लोक तो विमानतळ जसाच्या तसा बनवून वेगळा विकतात. इमारत, कुंपण, दिवे, झाडं, भिंतीवरचे पावसाचे ओघळसुद्धा. आमची कंपनी म्हणजे पुण्याची प्रतीक्षा आणि ठिकठिकाणी घरी बसलेले आम्ही चारपाचजण. गल्लीतल्या बाया विचारतात, "मंजू, झालं का वं तुहं इमानतळ?" मी म्हणते, होत आलं.

समुद्र मी पाहिलेला नाही. हे प्रतीक्षाला सांगितलेलं नाही.

६ मार्च

बाबांना अर्धांगवायू झाला त्याला तीन वर्षं होत आली. उजवा हात, उजवा पाय. बोलणं सुरुवातीला गेलंच होतं, आता शब्द येतात, पण एकेक, दमत दमत. मी नागपूरला एका आर्किटेक्टकडे होते. महिन्याभरासाठी म्हणून आले ती राहिलेच. जीवननं, माझ्या धाकट्या भावानं, पुण्याहून फोन करून माणूस ठेवायचं सुचवलं होतं. परका माणूस बाबांना आंघोळ घालणार? मी साफ नाही म्हटलं.

आता सगळं बसवून घेतलं आहे. तोंड, चहा, गोळी, पायाचा व्यायाम, आंघोळ, वरणात कुस्करलेली पोळी. मीठ कमी, तिखट बंद. त्यांच्या पलंगासमोर छोटा कॅमेरा लावला आहे, त्यामुळे माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात बाबा सतत दिसतात. एकीकडे कासारवेळ, एकीकडे बाबा. कूस बदलली तरी मी उठून जाते. डॉक्टर म्हणाले, "इतकं करणारी मुलगी मी पाहिली नाही." बाबा तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना ऐकू नीट येत नाही बहुतेक.

कंटाळा येतो का मला? येतो. परवा गॅस संपला तर मला बरं वाटलं, दुकानापर्यंत जाता येईल म्हणून. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण खरं आहे.

११ मार्च

दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टर फक्त माझ्या खोलीला आहे म्हणून बाबांना चाकाच्या खुर्चीतून इकडे आणलं. मी कुंपणाचे खांब लावत होते. बराच वेळ ते स्क्रीनकडे बघत बसले.

"काय हे?"

"इमानतळ. कोकणातलं."

"अन् ते?"

"समुद्र."

ते निळं काही मी केलेलं नाही, ते मूळ सिम्युलेटरमध्येच असतं. बाबा पुढं वाकले. मी खांद्याला धरलं तर झटकलं.

"चालवता येते?"

मला इतका आनंद झाला! तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं. कपाटातून जुनी जॉयस्टिक काढली, म्हणजे विमान चालवायची काठी, आणि डाव्या हाताकडे बसवून दिली. विमान मी उडवून दिलं, वर गेल्यावर काठी त्यांच्या हातात. डाव्या हाताची पकड हळूहळू बसली. लाइट आली, कूलर सुरू झाला, तरी ते आपल्या खोलीत जायला तयार होईनात.

१२ मार्च

जेवण झाल्यावर स्वतःहून म्हणाले, "इमान."

१६ मार्च

रोज दुपारी बाबांचं विमान. मी उडवून देते आणि बाजूच्या संगणकावर माझं काम करते. एक अडचण आहे. बाबा वळत नाहीत. कासारवेळहून उडाले की सरळ समुद्रावर. किनारा मागं पडतो, मग होड्या संपतात, मग नुसतं पाणी. दोनेक तास तसेच. टाकी मी अर्धीच भरून देते. ती संपली की पंखा थांबतो, विमान हळूहळू खाली येतं आणि पाण्यात जातं. स्क्रीन काळी होते. बाबा काठी सोडतात आणि म्हणतात, "उद्या."

"बाबा, वळा ना. डाव्या अंगानं वळलं की किनारा येते." मी चार वेळा सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्यांना वळता येत नसणार. बाबा रेल्वेत कीमन होते. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून जलंब स्टेशनच्या अंगानं आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या टापूत, रुळावरून चालत निघायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील त्या ठोकायच्या, एकट्यानं. पस्तीसेक वर्षं तेच. रुळावर वळायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे सवय नसेल. शिवाय उजवी बाजू लुळी. मी काठीची सेटिंग बदलून बघणार आहे, म्हणजे थोडं ढकललं तरी वळेल.

१९ मार्च

प्रतीक्षाचा फोन. इमारतीची मागची बाजू आणि समुद्राकडचा बांध चुकला आहे, इंटरनेटवर त्या बाजूचे फोटोच नाहीत.

"मंजुश्रीताई, तुम्ही प्रत्यक्ष जाऊन या ना. परवानगी मी काढते, खर्च कंपनीचा. चार दिवसांत होईल."

मी सांगितलं, वडिलांना सोडून येता येत नाही. ती म्हणाली, "कोणी नाही का चार दिवसांसाठी?" कोण आहे? जीवनला सुट्टी नसते. दयारामकाका आहेत, बाबांच्या रेल्वेतल्या गँगमधलेच, स्टेशनच्या पलीकडे राहतात. पण ते आले की खोलीभर तंबाखूचा वास, आणि मागच्या वेळी त्यांनी बाबांना बाजारातली मिरचीची भजी खाऊ घातली होती. वर मलाच म्हणाले, "खाऊ दे वं, तोंडाले चव येते."

फोन ठेवला तेव्हा छातीतून मोठा श्वास सुटला. सुटका झाल्यासारखा. कशापासून, देव जाणे. नागपूर सोडल्यापासून मी एकटी कुठल्या गाडीत बसलेली नाही.

२२ मार्च

जीवनला सहज सांगितलं की बाबा रोज विमान चालवतात. त्याला मजा वाटली. मग पाण्यात पडतं तेही सांगितलं.

"ताई, रोज? मुद्दाम?"

"मुद्दाम नाही रे, वळता येत नाही त्यांना."

"ताई, माणूस रोज विमान नेऊन समुद्रात बुडवतो, याचा अर्थ कळतो का तुला?"

मला कळला नव्हता. मग कळला. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. सुरी, कात्री, दाढीची पाती, झोपेच्या गोळ्या, सगळं माझ्या कपाटात टाकून कुलूप लावलं. माझी खाट बाबांच्या खोलीत आणली. न्हाणीची कडी काढून टाकली.

बाबा बघत होते. म्हणाले, "हे काऊन?"

"असंच."

काय सांगणार?

२४ मार्च

विमान बंद करावं का? डॉक्टर म्हणतात नको, हाताला चांगलं आहे. मग मी काम बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसले. "हे पाहा बाबा, होडी. हा पाहा पक्षी." बाबांनी थोड्याच वेळात काठी ठेवली. डोळे मिटून घेतले. झोप नव्हती ती, मला समजतं.

कॅमेऱ्यावर दुपारी टॉवेल पडला होता. खुंटीवरून घसरला असेल. खुंटी तशी लांब आहे.

२६ मार्च

मला उपाय सापडला! आणि तो माझ्याच हातातला आहे, याचं हसू येतं. समुद्रात उतरायला जागा नाही म्हणून विमान पडतं. मग जागा करून द्यावी. मी इथे बसून विमानतळ बनवते, एक बेट बनवायला किती वेळ?

दिवसभर तेच केलं. कासारवेळच्या कामाला हातही लावला नाही. किनाऱ्यापासून बाबा जिथपर्यंत पोचतात त्याच्या थोडं अलीकडे, अगदी त्यांच्या रेषेत. छोटं बेट, मऊ गवताची पट्टी, लांबून दिसावी म्हणून कडेला पांढरे दगड. एक लिंबाचं झाड. आमच्या जुन्या रेल्वे क्वार्टरसारखी दोन खोल्यांची बैठी इमारत, दाराशी माठ. झाडाखाली बाज टाकली. बाजेवर आईच्या हातची असायची तशी गोधडी, तिचे तुकडे रंगवायलाच संध्याकाळ झाली. आई जाऊन इतकी वर्षं झाली, रंग हाताला आठवत होते.

इतकं चांगलं काम मी या वर्षात केलेलं नाही. कासारवेळची इमारतही एवढी जिवंत वाटत नाही. बाबांना काही सांगितलं नाही. त्यांनाच दिसू दे.

२८ मार्च

आज दिसलं. मी दारात उभी राहून बघत होते, शेजारी बसले नाही. आधी ठिपका, मग हिरवं, मग झाड. बाबांनी मान पुढं काढली. विमान खाली आणलं, अगदी खाली. क्वार्टर दिसलं, माठ दिसला, बाज दिसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि बाबा वळले. डावीकडे, सावकाश, सुरेख. बेटाला वळसा घातला, पलीकडे निघून गेले आणि पुन्हा विमान सरळ केलं. टाकी संपायच्या आधीच काठी ठेवून दिली.

उतरले नाहीत, पण वळता आलं! म्हणजे मी काठीची सेटिंग बदलली त्याचा उपयोग झाला. जीवनला लगेच कळवलं.

१ एप्रिल

बाबा विमान मागत नाहीत. मी विचारलं तर मान हलवतात, नाही. पोळी अर्धीच खाल्ली. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. उन्हाळा चढला आहे, त्यानं असेल.

३ एप्रिल

मोठा घोळ झाला. तपासणीसाठी प्रतीक्षाला जी फाइल पाठवली तिच्यात बेट तसंच गेलं. आमचं काम तपासणारा एक वैमानिक डेन्मार्कला बसतो. त्यानं म्हणे बेटावर विमान उतरवलं, बाजेचा फोटो काढून पाठवला आणि विचारलं, इथे कोण राहतं?

प्रतीक्षा हसली नाही. "ताई, आपली गिऱ्हाइकं नकाशा शेजारी उघडून बसतात. आपण विकतो तो अचूकपणा. आणि तुम्ही समुद्रात अख्खं बेट घातलंत? खाटेसकट?"

मी म्हटलं, चाचणीसाठी केलं होतं, काढायचं राहिलं.

"काढा. आणि या महिन्यात कासारवेळला जाऊन या. जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्या कोणाला देते. पुढची किनाऱ्यावरची कामंही मग त्यांच्याकडेच जातील."

माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान आहे ती. पण बोलली त्यात चूक काय? हे काम गेलं तर या घरात माझं म्हणून काय राहतं? गोळ्यांच्या वेळा. जावं तर बाबा, न जावं तर हे. दोन्हीकडून दार बंद. भांडी घासताना मी मोठ्यानं रडले आणि नळ सोडून ठेवला, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

बेट अजून काढलेलं नाही. बाबा पुन्हा चालवायला लागले तर?

१४ एप्रिल

जयंती. गल्लीत सकाळपासून निळे झेंडे, लाउडस्पीकर, पोरी पांढऱ्या साड्या नेसून. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, बाबांना टोपी घातली, खिडकीशी बसवलं. आजारी पडण्याआधी बाबा दर जयंतीला मिरवणुकीत पुढं असायचे. म्हणाले, "तू जाय." मी म्हटलं, तुम्हाला सोडून कशी जाऊ?

दुपारी बर्फ संपला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेले. गर्दीमुळे यायला उशीर झाला. घरात शिरले तर पलंग रिकामा. चाकाची खुर्ची जागच्या जागी. कॅमेऱ्यावर टॉवेल.

पुढचं मला नीट आठवत नाही. न्हाणी पाहिली, मागची विहीर पाहिली. विहिरीत वाकून पाहताना मी "बाबा" म्हणून ओरडले, तो आवाज अजून कानात आहे. मग रस्त्यावर धावले, अनवाणी.

मिरवणूक चौकात आली होती. पानठेल्याच्या बाकावर बाबा बसले होते. कपाळाला निळा गुलाल, डाव्या हातात सरबताचा ग्लास, शेजारी दयारामकाका. बाबा हसत होते. अर्धाच चेहरा हसतो त्यांचा, पण हसत होते.

"काका, तुम्हाले काही समजते का?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "पडले असते म्हंजे? पायऱ्या कशा उतरवल्या?"

"उतरला तोच," दयारामकाका म्हणाले. "म्या फक्त खांदा देल्ला."

"त्यायले पायऱ्या उतरता येत नाहीत!"

"तुह्यासमोर येत नसन."

मी बाबांच्या हातातला ग्लास काढून घेतला. साखर चालत नाही त्यांना. सगळे बघत होते. बाबांचा चेहरा पुन्हा होता तसा झाला.

१५ एप्रिल

लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

सकाळी व्यायामाला पाय धरला तर बाबांनी ओढून घेतला. म्हणाले, "बस." मी बसले. ते बोलले. किती वेळ लागला त्यांना ते बोलायला. मधे मधे शब्द अडकत होते आणि मी पुरे करायला गेले की हात वर करून गप्प करत होते.

"बेट काऊन टाकलं?"

"तुम्हाले उतराले जागा पाह्यजे म्हणून."

"मले उतराचं नोतं."

मग मी ते विचारलं. जे विचारायला महिनाभर भीत होते. "बाबा, तुम्हाले मराचं होतं का?"

ते हसले. खरंच हसले. "मराले इतक्या लांब कायले जाऊ? इथं नाई का मरता येत?"

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी रोज बीटवर जाओ. सकाळीच निघो. हातोडा अन् मी. जलंबपरेंत कोनी नाई. कोनी इचारे नाई, जेवला का, हागला का, झोपला का. घरी आलो की तुही माय, तुमी लेकरं, समदं गोड लागे. आता दिवसभर कोनी ना कोनी पाह्यतेच. त्या डब्यातून बी पाह्यते." कॅमेऱ्याकडे बोट केलं. "तिथं पान्यावर कोनी नोतं, माय. रोज दोन घंटे. अन् तू तिथं बी घर बांधून ठेवलं. बाज बी टाकली."

मी गोधडीचे रंग आठवून आठवून भरले होते. ते मी त्यांना सांगितलं नाही.

"मंग सांगाचं ना मले," मी म्हटलं.

"तू ऐकत नाई. नुसती करत राह्यते."

मला राग आला. म्हटलं, "नोकरी सोडून आली मी. तीन वर्ष झाले. हे समदं कोनासाठी केलं?"

बाबांनी गुडघ्यावरची चादर सरळ केली. मग म्हणाले, "मी बलावलं नोतं."

मी उठून माझ्या खोलीत आले आणि दार लावलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात ते दिसत होते. डाव्या हातानं डोळे पुसत होते. मी तो चौकोन बंद केला. या घरात कैदी मी आहे असं मला वाटत होतं. पहारेकरी कोण आहे हे मी विचारलंच नव्हतं.

१६ एप्रिल

आम्ही दोघं बोललो नाही. चहा दिला, गोळी दिली. आंघोळीचं पाणी ठेवलं आणि मी न्हाणीबाहेर थांबले. आत बराच वेळ तांब्याचा आवाज येत राहिला. एकदा काहीतरी पडलं. मी कडीच्या जागी बोट खुपसून उभी होते, आत गेले नाही. ते बाहेर आले तेव्हा पाठीला साबण तसाच होता, आणि सदरा उलटा. मी काही म्हटलं नाही. फार कठीण गेलं.

बेट काढून टाकलं. एका बटणाचं काम. घर, झाड, बाज, सगळं एकदम गेलं आणि पाणी आपोआप भरून आलं. मग कॅमेऱ्याचे स्क्रू काढले.

दुपारी विमान उडवून दिलं, टाकी पूर्ण भरली आणि खोलीबाहेर गेले. ओट्यावर बसून राहिले. काय करावं सुचेना, मग उगाच तांदूळ निवडले.

१८ एप्रिल

दयारामकाकांकडे गेले. त्यांच्या दारात पाय अडखळले, कारण जयंतीच्या दिवशीचं माझं ओरडणं त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. काका चप्पल शिवत बसले होते. मी म्हटलं, "काका, चार रोज बाबांजवळ राह्यता का?"

"चार काऊन, आठ राह्यतो," ते म्हणाले. "तू चालली कुठी?"

"समुद्र पाहाले."

काकांनी चप्पल खाली ठेवली. मग बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं.

रात्रीच्या गोळ्या, सकाळच्या गोळ्या, मिठाचं, साखरेचं, सगळं त्यांना सांगायला लागले. त्यांनी मान हलवली, हो हो, हाव हाव. मला पक्कं माहीत आहे, यातलं अर्धं ते विसरणार. आणि भजी तर येणारच.

२१ एप्रिल

गाडीत आहे. हात हलतो आहे म्हणून अक्षर असं. स्टेशनवर सोडायला कोणी नको म्हटलं होतं. निघताना बाबांच्या पाया पडले. त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "जाय." मला वाटलं होतं, लवकर ये म्हणतील.

भुसावळ येईपर्यंत वाटत होतं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. उतरले नाही, पण बॅग मांडीवरच ठेवली होती. ठाण्याला गाडी बदलायची आहे.

२२ एप्रिल, कासारवेळ

समुद्र पाहिला. त्याला इतका आवाज असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या कासारवेळमध्ये समुद्राला आवाजच दिलेला नाही.

विमानतळ माझ्यापेक्षा लहान निघाला. म्हणजे मी केला आहे त्यापेक्षा. इमारतीच्या मागं रखवालदाराची मोरी आहे आणि दोरीवर कपडे वाळतात, हे कुठल्याच फोटोत नव्हतं. आणि बांध! सकाळी पाणी बांधाला लागलं होतं, दुपारी गेले तर पार लांब, मधे नुसते काळे खडक. दीड महिना मी पाण्याची कडा शोधत होते आणि ती एका जागी नसतेच. रखवालदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, भरती-ओहोटी ऐकली नाय काय कधी?" ऐकली होती. बघितली नव्हती. आम्ही दोघंही हसलो. शेवटची कधी परक्या माणसाबरोबर हसले होते?

घरी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा दयारामकाकांनीच उचलला. "आंघोळ? केली ना. म्हंजे, केली असन. मी चौकात गेलतो." मी डोळे मिटून घेतले.

२४ एप्रिल, कासारवेळ

फोटो संपले. बांध, मागची भिंत, मोरी, दोरीवरचे कपडे, सगळं झालं. प्रतीक्षा खूश आहे, पुढचं काम माझंच म्हणाली. काम काल दुपारीच संपलं होतं खरं तर. आज मी नुसती वाळूत बसले होते. कोणाची गोळी नाही, कोणाची पोळी नाही. सकाळी पहिला तास बरा गेला. मग हातांना काय करावं ते कळेना. सारखी पर्स उघडत होते नि बंद करत होते. मला एकटीनं बसता येत नाही, हे मला चाळिशी आली तेव्हा कळतं आहे. दुपारनंतर थोडं यायला लागलं.

संध्याकाळी फोन लावला. दयारामकाका म्हणाले, "थांब, देतो." मग बाबांचा श्वास ऐकू आला. जिभेवर आलं होतं, जेवलात का, गोळी घेतली का. गिळलं.

"आज किती लांब गेलते?" मी विचारलं.

"लय." मग थोड्या वेळानं, "तुहं काम झालं?"

"हाव. उद्या निघते."

पलीकडे बराच वेळ शांतता. शब्द अडकला असेल म्हणून मी थांबले. मधे बोलले नाही, पुरा करून दिला नाही.

"दोन रोज राह्य अजून," बाबा म्हणाले.

तिकीट पुढचं काढलं. ते माझ्यासाठी म्हणाले की स्वतःसाठी, हे मी विचारलं नाही.